बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आलेली ओळ

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर सांगितलेली हकीकत मी दोन दिवस मनात घोळवतो आहे. गाडी अडीच तास उशिरा, फलाट जवळजवळ रिकामा, बाकाच्या एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला मांडीवर कापडी पिशवी धरून बसलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक अनोळखी बाई. तू स्वतःशीच ‘तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल’ गुणगुणत होतीस, धृपद संपल्यावर क्षणभर थांबलीस आणि ‘माता विठ्ठल, पिता विठ्ठल’ ही पुढची ओळ त्यांच्याकडून आली, तीही तुझ्याच पट्टीत. त्यानंतर गाडी येईपर्यंत तुम्ही दोघी गायक भीमसेन जोशींविषयी बोलत राहिलात आणि उशीर झाल्याचे तुला वाईट वाटण्याऐवजी गाडी फार लवकर आली असे वाटले, हे तू ज्या आवाजात सांगितलेस, तो आवाज मी पुष्कळ दिवसांनी ऐकला. शेवटी तू विचारलेस, ‘बाबा, असे होण्याची संभाव्यता किती?’ तू सहज विचारले असशील, पण मी तीस वर्षे गणित शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे भीमसेनजींचे गाणे ऐकले. तेव्हा या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे असे मला मनापासून वाटते आणि ते फोनवर देता येण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र.

आधी गणिताचे सांगतो. एका खोलीत २३ माणसे असतील, तर त्यांच्यापैकी कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. वर्गात हे सांगितले की मुलांना खरे वाटत नसे. कारण प्रत्येक मूल फक्त स्वतःच्या वाढदिवसाशी बाकीच्यांची तुलना करते. प्रत्यक्षात २३ जणांच्या २५३ जोड्या होतात आणि त्यांतली कोणतीही एक जोडी जुळली तरी चालते. आपल्या आयुष्यातल्या योगायोगांचेही बरेचसे असेच आहे. दिवसभरात आपण किती माणसांजवळून जातो, किती सूर कानांवरून जातात, याची आपण मोजदाद ठेवत नाही आणि जुळले तेवढे मात्र लक्षात राहते. त्यातून हा अभंग नामदेवांचा, चाल राम फाटकांची आणि आवाज भीमसेनजींचा. आकाशवाणीने, ध्वनिमुद्रिकांनी आणि ‘संतवाणी’च्या कार्यक्रमांनी तो घराघरांत पोहोचवला. मराठी माणसांची ये-जा असलेल्या फलाटावर त्याची पुढची ओळ ठाऊक असणारे कोणी भेटणे मुळीच दुर्मीळ नाही. एखाद्या देवळावरून जाताना किंवा बसमध्ये चालकाजवळच्या रेडिओवर त्यांचा आवाज कानी आला, तर त्याला मी योगायोग म्हणणार नाही. त्या आवाजाची व्याप्तीच तेवढी आहे आणि हिशेब करताना ती आधी वजा करायला हवी.

वजाबाकी करून जे उरते, त्याविषयी मला लिहायचे आहे. त्या बाईंना ओळ ठाऊक होती, एवढ्याने काही घडले नसते. ओळ ठाऊक असणारी माणसे तुझ्या शेजारून रोज जात असतील आणि गप्प राहत असतील. त्यांनी ती मोठ्याने म्हटली. एका अनोळखी मुलीच्या गुणगुणण्यात आपला आवाज मिसळताना आमच्या वयाच्या माणसाला किती संकोच वाटतो, ते मला ठाऊक आहे. तो त्यांनी बाजूला ठेवला, म्हणून तुझी ती रात्र झाली. संभाव्यतेच्या सूत्रात हे कोठे मांडायचे, ते मला आजवर सापडलेले नाही.

भीमसेनजींच्या आयुष्याकडे मी याच दृष्टीने पाहत आलो आहे. त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा. ते लहानपणी गदगला असताना रस्त्याने भजनी मंडळी किंवा वाजंत्री चालली की तिच्यामागे जात, दमले की जेथे असतील तेथेच झोपत आणि घरची माणसे शोधत फिरत. शेवटी वडिलांनी त्यांच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले, म्हणजे कोणाला सापडले तर घरी आणून सोडता यावे. ही गोष्ट तू लहानपणी माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगवून घेत असस आणि प्रत्येक वेळी सदऱ्याचा रंग विचारत असस. तेव्हा मला त्यातले वडिलांचे प्रेम दिसे; आता वय झाल्यावर दुसरीही एक गोष्ट दिसते. सदऱ्यावर अक्षरे लिहून मूल बाहेर सोडायचे, म्हणजे गावातल्या कोणा अनोळखी माणसावर केवढा विश्वास टाकायचा! ती अक्षरे वाचून मुलाचे बोट धरणारी, त्याला दारापर्यंत आणणारी माणसे किती असतील. त्यांतल्या एकाचेही नाव आज कोणाला माहीत नाही.

मग ती ध्वनिमुद्रिका. गदगमधल्या एका दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटी रागातली ठुमरी त्या मुलाच्या कानी पडली आणि असे गायला यायलाच हवे, या एका ध्यासाने त्याने १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असे. दुकानदाराने त्या दिवशी दुसरी तबकडी लावली असती तर, हा विचार मी पूर्वी फार करीत असे. आता करीत नाही, कारण ज्या मुलाचे कान असे उघडे होते, त्याला आज ना उद्या दुसरीकडे कोठे तरी तो सूर सापडलाच असता असे मला वाटते. मला अधिक ओढ लागते ती पुढच्या प्रवासाची. खिशात पैसे नसताना, आगगाडीच्या डब्यात प्रवाशांना गाऊन दाखवत हा मुलगा ग्वाल्हेर, कोलकाता आणि पंजाबपर्यंत पोहोचला. कोलकात्यात तो पहाडी सन्याल या नटाच्या घरी कामाला राहिला होता आणि पुढे अनेक वर्षांनी मोठे गवई झालेले भीमसेन जोशी म्हणजे आपल्या घरचा तोच मुलगा, हे त्यांना कळले. जालंदरला हरिवल्लभ संगीत संमेलनाच्या निमित्ताने त्याची गाठ गायक विनायकराव पटवर्धनांशी पडली आणि गुरू शोधण्यासाठी एवढ्या दूर कशाला आलास, तुझ्या घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, असे त्यांनी सांगितले. निम्मा देश पालथा घातल्यावर घराजवळचा पत्ता हाती आला. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. ज्या आवाजामुळे घर सुटले, त्याच आवाजाच्या शिष्याकडे १९३६ मध्ये तालीम सुरू झाली. पटवर्धनबुवांनी परक्या मुलाची चौकशी केली नसती, त्याचे गाव विचारले नसते, तर हे वर्तुळ कधी पुरे झाले असते कोण जाणे.

या किराणा घराण्याच्या गोष्टींत रेल्वेची स्थानके किती वेळा येतात, हे तुझा फोन येईपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. गंगूबाई हनगल हुबळीहून गाडीने कुंदगोळला शिकायला येत आणि परतताना त्यांना स्थानकापर्यंत सोबत करायला तरुण भीमसेन जात. खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांचा शेवट १९३७ साली दक्षिणेत सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकाच्या फलाटावर झाला. प्रवासात अस्वस्थ वाटू लागल्याने ते तेथे उतरले होते. त्या रात्री तू ज्या बाकावर बसली होतीस, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, हे मला कळते. तरीही तुझा फोन ठेवल्यावर मला त्या फलाटाचीच आठवण झाली आणि मी बराच वेळ तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावून बसलो.

त्या बाईंनी तुला पुण्याच्या रमणबागेतल्या महोत्सवाच्या पहाटेची आठवण सांगितली, असे तू म्हणालीस. ती पहाट मीही पाहिली आहे. त्यांनी पाहिली तीच की दुसऱ्या वर्षीची, ते विचारून मला कळव. सवाई गंधर्व १९५२ च्या सप्टेंबरमध्ये गेले आणि १९५३ पासून भीमसेनजींनी पुण्यात त्यांच्या स्मरणाचा महोत्सव सुरू केला. ध्वनिवर्धकांच्या वेळेचे नियम कडक होण्याआधी तो रात्र रात्र चाले. डिसेंबरातली थंडी, जमिनीवर अंथरलेल्या जाजमावर शाल लपेटून बसलेली हजारो माणसे, फिरोज दस्तूरांचे ‘गोपाला मेरी करुणा’ ऐकण्यासाठी डोळ्यांतली झोप परतवून लावणारे श्रोते आणि अखेरीस भीमसेनजी. मी त्यांना कधी भेटलो नाही. त्यांच्याजवळ जाऊन नमस्कार करण्याचीही मला गरज वाटली नाही. मंडपाच्या मागच्या भागातून, कनातीजवळून, त्यांना ऐकले आणि ते मला पुरले. सगळे गाणे संपल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लागे आणि मंडप उभा राहून ती ऐके. तिचे शब्द ‘बिन देखे परे नाही चैन’ असे आहेत. पहिल्यांदा ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. गदगच्या दुकानातल्या तबकडीत ‘नाही आवत चैन’ आणि गुरूच्या तबकडीत ‘परे नाही चैन’. भैरवीच्या आणि झिंझोटीच्या ठुमऱ्यांत विरहाचे शब्द असायचेच, तेव्हा गणिताच्या दृष्टीने यातही नवल नाही. पण एका माणसाच्या संगीतयात्रेचा आरंभ आणि त्याच्या गुरुसेवेचा दरवर्षीचा समारोप एकाच शब्दावर यावा, हे मला फार मोलाचे वाटते आणि त्याचा हिशेब करावा असे वाटत नाही.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेले योगायोग याहून लहान आहेत. एकदा घरच्या फोनवर चुकून लागलेला नंबर आला होता. पलीकडचे गृहस्थ ‘माफ करा’ म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांच्या घरात चालू असलेले ‘इंद्रायणी काठी’ मला ऐकू आले. मी म्हटले, ‘जरा थांबता का, ही ओळ पुरी होऊ द्या.’ ते थांबले. ओळ पुरी झाली, आम्ही दोघांनी नमस्कार म्हटला आणि फोन ठेवला. एवढेच. त्यांचे नाव मी विचारले नाही.

आता त्या कॅसेटचे सांगतो. ती तू पाहिली आहेस, पण तिची सगळी हकीकत तुला कधी सांगितली नाही, कारण तिच्यात तुझ्या आजीचा आवाज आहे आणि त्याविषयी बोलायला मला बरीच वर्षे लागली. आकाशवाणीवर शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागे. एका शनिवारी भीमसेनजींचा राग शुद्ध कल्याण होता. तेव्हा रेडिओला तार जोडून ध्वनिमुद्रण करण्याची सोय आमच्याकडे नव्हती. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, खोलीचे दार लावून घ्यायचे आणि घरच्यांना गप्प राहायला सांगायचे. विलंबित ख्याल रंगात आलेला असताना, दहाव्या मिनिटाच्या सुमारास, स्वयंपाकघरातून आजीची हाक आली: ‘अरे, झोपलास का रे?’ मी हाताने खूण केली असणार, पण ती तिला दिसायची कशी? तिने पुन्हा हाक मारली, मग दार करकरले, मग तिच्या लक्षात आले आणि दार अगदी हळू लोटल्याचा आवाज आला. हे सगळे त्या फितीवर जसेच्या तसे उतरले. तेव्हा मी तिच्यावर रागावलो होतो. कॅसेटच्या कार्डावर निळ्या शाईने मी ‘शुध्द कल्याण’ असे लिहिले. तुझ्या आजोबांनी ते पाहिले आणि धला द नव्हे, दला ध, असे सांगितले, म्हणून मी तो शब्द खोडून वर पुन्हा ‘शुद्ध’ लिहिला.

१९८४ मध्ये ती कॅसेट असलेली पिशवी मी आगगाडीत विसरलो. १९८९ मध्ये आजी गेली. तिचा आवाज असलेली तेवढी एकच वस्तू घरात होती आणि ती मी हरवली होती, हे दुःख मी कोणाजवळ बोललो नाही. १९९५ मध्ये एका संध्याकाळी जुन्या पुस्तकांच्या पथारीपाशी उभा असताना खोक्यात पडलेल्या कॅसेटी सहज चाळत होतो. त्यांत चार-पाच कॅसेटींखाली एका कार्डाची कड दिसली आणि तीवर खोडलेला ‘शुध्द’. निळी शाई फिकट झाली होती, आकडी मात्र माझीच होती. मी ती उचलली तेव्हा हात कापत होता, असे विक्रेत्याने मला विचारल्यावर माझ्या लक्षात आले.

घरी आल्यावर दिव्याखाली कार्ड उघडले. माझ्या अक्षराखाली पेन्सिलीने दुसऱ्या कोणी तरी बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली: ‘रात्री झोप येत नसेल तर ही लावणे.’ दुसरी: ‘दहाव्या मिनिटाला आई हाक मारतात, ते पुसू नये.’ या दोन ओळी मी किती वेळा वाचल्या असतील, ते सांगता येणार नाही. जी हाक मला तेव्हा व्यत्यय वाटली होती, ती कोणा परक्या माणसाने गाण्याइतकीच जपली होती. तो किंवा ती कोण, कॅसेट त्यांच्याकडे कशी आली, कोणत्या कारणाने त्यांच्या घरातून ती गेली, हे मला कधीही कळणार नाही. कॅसेट सापडणे हा योगायोग होता हे खरेच. त्याची संभाव्यता मोजायला बसलो तर आकडा फार लहान येईल. पण ती हाक त्या फितीवर शिल्लक होती, ती कोणाच्या तरी निश्चयामुळे. फीत पुन्हा वापरता येत असे आणि तो काळ नवी कॅसेट विकत घेण्याआधी दोनदा विचार करण्याचा होता.

त्या बाईंचा नंबर तू घेतला आहेस आणि त्यांच्याकडे अजून चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आहे, असे तू म्हणालीस. तुझ्याकडे तो नाही, माझा गेल्या पावसाळ्यात बंद पडला आणि त्याचा पट्टा मिळत नाही. आजीच्या हाकेची प्रत मी तुझ्या भावाकडून संगणकावर उतरवून घेतली आहे, तेव्हा काळजी करू नकोस. मूळ कॅसेट मी या पत्रासोबत पाठवतो आहे. पुढच्या महिन्यात तू त्यांच्याकडे जाशील तेव्हा ती त्यांच्याजवळ दे आणि रमणबागेतल्या पहाटेचे वर्ष तेवढे विचार. फीत जुनी आहे, म्हणून पहिल्यांदा लावण्याआधी ती एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्यायला सांग. कार्ड उघडताना घडीवर जपून धरायला हवे, तेथे कागद विरला आहे. पेन्सिलीच्या दोन ओळींखाली अजून बोटभर जागा शिल्लक आहे.

तुझा,
बाबा